शेळीपालनाचं प्रशिक्षण घ्यावं का? घ्यावं, पण आधी नोंदवही ठेवा

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा. बार्शी तालुक्यात घरच्या वीस उस्मानाबादी शेळ्या आणि एक बोकड, धंद्याला दोन वर्षं झाली. करडं होतात, विकली जातात, पण वर्षअखेर हातात काही राहत नाही. आता एका खासगी फार्मवरच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणाची जाहिरात पाहिलीत, शुल्क साडेतीन हजार. हे प्रशिक्षण घेतलं तर धंदा नफ्यात येईल का, सरकारी प्रशिक्षण बरं, की सरळ शंभर शेळ्यांचं कर्ज-अनुदानाचं प्रकरण करून मोठंच व्हावं, असं तुम्ही विचारलंय.

मी पशुवैद्यक आहे. बरीच वर्षं दवाखान्यात काम केलं आणि आता मुख्यतः शेळीपालकांचे वर्ग घेतो, त्यांच्या गोठ्यांवर जातो. म्हणून प्रशिक्षणाच्या बाजूने बोलणं माझ्याकडून अपेक्षितच आहे, आणि मी बोलणारही आहे. फक्त कुठलं प्रशिक्षण आणि कधी, हे नीट बघू.

तुम्ही प्रश्नात बरंच लिहिलंय, पण त्यात तीन गोष्टी नाहीत. गेल्या वर्षभरात किती करडं जन्मली, त्यातली किती मेली, आणि विकताना प्रत्येकाचं वजन किती होतं. हा दोष देत नाही. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांकडे हे आकडे नसतात. पण तुमची खरी अडचण इथंच आहे. पैसा कुठून गळतोय हेच माहीत नसेल तर प्रशिक्षणात सांगितलेल्या पन्नास गोष्टींपैकी आपल्याला लागू कुठली, हे कळणार कसं? माणूस वर्गातून उत्साहाने घरी येतो आणि जे डोळ्यांत भरलं ते आधी करतो. बहुतेक वेळा ते शेड असतं. शेड बांधली म्हणून शेळी काही लवकर गाभण राहत नाही.

काही गोष्टी मला इथं बसून सांगता येणार नाहीत, त्या तुमच्या परिस्थितीवर आहेत. शेळ्या बाहेर चरायला जातात की पूर्ण बंदिस्त आहेत? चारा घरच्या रानातला की विकतचा? सांभाळणारं माणूस घरचं की पगारी? बाजार किती लांब? बांधावर शेवरी असलेला आणि रोज चार तास शेळ्या चारून आणणारा माणूस आणि सगळा भुस्सा, सगळा खुराक विकत घेणारा माणूस, दोघांचा हिशोब एक नसतो. त्यामुळे खालचे आकडे माझे गृहीत धरा, तुमचे त्यांच्या जागी घाला. पद्धत मात्र तीच ठेवा.

एका शेळीचा वर्षाचा हिशोब मांडू. समजा तुमची शेळी सरासरी अकरा महिन्यांनी विते. म्हणजे वर्षाला १.०९ वेत. दर वेताला सरासरी १.६ करडं धरली (उस्मानाबादीत जुळी भरपूर होतात, पण पहिलारू शेळी बहुधा एकच देते), तर वर्षाला १.७५ करडं. त्यातली ३० टक्के मेली तर उरली १.२२. आठव्या महिन्यात १६ किलोला विकली, तर एका शेळीमागे वर्षाला साडेएकोणीस किलो जिवंत वजन बाजारात गेलं. किलोला ४०० रुपये धरले तर ७,८०० रुपये.

आता खर्च. शेळीला रोज २०० ग्रॅम खुराक म्हणजे वर्षाला ७३ किलो, ३० रुपये दराने २,१९० रुपये. करडांना विकेपर्यंत प्रत्येकी १८ किलो खुराक, म्हणजे ६६० रुपये. कोरडा चारा रोज ७०० ग्रॅम, वर्षाला अडीचशे किलोच्या आसपास, आठ रुपयांनी २,०४० रुपये. हिरवा चारा रोज तीन किलो. घरचा असला तरी पाणी, बियाणं, रान लागतंच, म्हणून किलोला दोन रुपये धरून २,२०० रुपये. औषधपाणी ३०० रुपये. बेरीज ७,३९०. उरले चारशेच्या आसपास. वीस शेळ्यांचे आठ हजार, वर्षाचे. त्यात सांभाळणाऱ्याची मजुरी कुठंच नाही.

«हातात काही राहत नाही» असं तुम्ही लिहिलंत, ते असं घडतं. वर्षभरात एखाद्या बोकडाचे आठ-नऊ हजार एकदम हातात येतात, तो दिवस लक्षात राहतो. रोजचा पेंडीचा आणि भुश्शाचा खर्च थोडा थोडा जातो, तो लक्षात राहत नाही.

याच वीस शेळ्यांत तीन आकडे थोडे हलवून बघा. वेतातलं अंतर अकरावरून नऊ महिन्यांवर आणा. मर ३० वरून १५ टक्क्यांवर. विक्रीचं वजन १६ वरून १८ किलो. अशक्य असं यात काही नाही, मी अनेक गोठ्यांवर हे होताना पाहिलंय. आता शेळीमागे १.८१ करडं आणि साडेबत्तीस किलो वजन. उत्पन्न तेरा हजार. करडं जास्त म्हणून खुराक थोडा वाढला, औषधाला ५०० धरले, तरी खर्च ७,९०० च्या आसपास. शेळीमागे पाच हजार उरले, वीस शेळ्यांचे लाखभर. एकही शेळी वाढवली नाही, पत्राही नवीन टाकला नाही.

यातली जी संख्या मी सगळ्यांना पाठ करायला लावतो ती वेगळी आहे. पहिल्या हिशोबात एक किलो वजन तयार करायला ३७९ रुपये लागले, दुसऱ्यात २४३. बाजारभाव तुमच्या हातात नाही, व्यापारी किंवा खाटीक ठरवतो. एक किलोचा उत्पादन खर्च मात्र बऱ्याच अंशी तुमच्या हातात आहे. भाव ३५० ला उतरला तर पहिला शेतकरी तोट्यात जातो, दुसरा टिकून राहतो.

हे शिकवणं माझ्या डोक्यातून आलेलं नाही. अमेरिकेत नेब्रास्का राज्यात गोमांसासाठी गायी पाळणारे मोठे शेतकरी आहेत, त्यांच्यासाठी तिथल्या विद्यापीठाची विस्तार सेवा जे वर्ग घेते त्यात शेतकऱ्याला स्वतःचे आकडे घेऊन बसवतात आणि एका वासरामागे, वजनाच्या एककामागे खर्च किती आला हे त्याच्याकडूनच काढून घेतात. त्यांचे कळप, चारा, कायदे आपल्यापेक्षा सगळेच वेगळे. पण त्यांच्या धंद्यातली एक शिस्त आपण जशीच्या तशी उचलावी अशी आहे. वासरांचं एकूण वजन ते फक्त व्यालेल्या गायींनी भागत नाहीत, वळूकडे सोडलेल्या सगळ्या गायींनी भागतात. गाभण न राहिलेली गायही हिशोबात येते, कारण चारा तिनेही खाल्लेला असतो. आपल्याकडे «माझ्या शेळ्या जुळी देतात» असं सांगणारा माणूस फक्त व्यालेल्या शेळ्या मोजत असतो. दावणीला उभ्या असलेल्या चार भाकड शेळ्या त्याच्या बोलण्यात येत नाहीत, खर्चात मात्र असतात.

आता त्या तीन आकड्यांकडे. पहिला, वेतातलं अंतर. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त पैसा इथं बुडतो आणि सगळ्यात कमी चर्चा याचीच होते. शेळीचा गाभणकाळ पाच महिन्यांचा, साधारण १५० दिवस. व्याल्यानंतर तीन महिन्यांत पुन्हा गाभण राहिली तर आठ महिन्यांनी वेत, म्हणजे दोन वर्षांत तीन वेतं. हे चांगल्या सांभाळाचं टोक समजा. «वर्षातून दोनदा विते» असं जाहिरातीत लिहितात, त्यावर प्रकल्प उभा करू नका. व्याल्याबरोबर महिन्याच्या आत शेळी गाभण राहिली तरच ते जमेल, आणि तसं झालं तर शेळी आणि करडं दोन्ही खंगतात.

अंतर अकरा-बारा महिन्यांवर का जातं? एक, शेळी व्याल्यानंतर हाडं निघेपर्यंत उतरते. दोन करडं पाजणाऱ्या शेळीला आणि भाकड शेळीला एकाच गव्हाणीत सारखाच खुराक मिळतो. दांडगी शेळी जास्त खाते, पाजणारी मागे राहते. अंगावर मांस नसलेली शेळी माजावर येत नाही. पाठीच्या मणक्यावर हात फिरवून बघा. मणक्याची टोकं बोटांना टोचली तर त्या शेळीला जादा खुराकाची गरज आहे. दोन, करडं पाच-पाच महिने आईला लुचत राहतात. तीन महिन्यांनी तोडा. तीन, माज कळत नाही. शेळी साधारण १८ ते २१ दिवसांनी माजावर येते आणि माज दिवस-दीड दिवस टिकतो. बोकड वेगळा बांधलेला असेल आणि घरात कुणाचं लक्ष नसेल तर एक माज गेला म्हणजे तीन आठवड्यांचा खुराक फुकट. फळवायच्या, म्हणजे बोकड दाखवायच्या, आधी दोन-तीन आठवडे रोज दोनशे ग्रॅम जादा खुराक दिला तर शेळ्या एका सुमाराला माजावर येतात आणि जुळ्यांचं प्रमाणही वाढतं. हे काम सगळ्या शेळ्यांवर एकदम करू नका, दहा-दहाचे दोन गट पाडा, म्हणजे करडांकडे लक्ष देता येतं.

इथं तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य मला अस्वस्थ करून गेलं. बोकड एकच आहे आणि दोन वर्षांपासून तोच आहे. वीस शेळ्यांना एक बोकड पुरतो, ती अडचण नाही. पण पहिल्या वर्षी मागे ठेवलेल्या पाठी, म्हणजे तरुण माद्या, आता गाभण राहण्याच्या वयात आल्या असतील, आणि त्या याच बोकडाच्या आहेत. बाप-लेकीचा संबंध झाला की पुढच्या पिढीत वजन घटतं, कमजोर करडं जन्मतात, मर वाढते. बाकी काही करा न करा, या महिन्यात बोकड बदला. नवा बोकड जुळ्यातला घ्या, त्याची आई बघून घ्या, आणि एखाद्या ओळखीच्या शेतकऱ्याशी अदलाबदल करायची झाली तर आधी दवाखान्यातून त्याची रक्ततपासणी करून घ्या. ब्रुसेलोसिस गोठ्यात आला तर शेळ्या गाभडत राहतात, आणि तो माणसालाही होतो.

दुसरा आकडा, मर. करडं बहुतेक पहिल्या महिन्यात मरतात, आणि ती औषधाअभावी मरत नाहीत, पहिल्या तासाअभावी मरतात. जन्मल्यावर तासाभरात चीक पोटात गेला पाहिजे आणि पहिल्या दिवसभरात वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका. अडीच किलोच्या करडाला पाव लिटर. आपल्याकडे अजून काही घरांत जार पडेपर्यंत पाजत नाहीत. जार पडायची वाट बघू नका. उलट करडू लुचलं की जार पडायला मदतच होते. नाळेला टिंक्चर आयोडीन लावा. तिळं झालं तर तिसऱ्याला बाटलीने किंवा दुसऱ्या शेळीवर पाजा, ते आपोआप जगत नाही.

त्यानंतरचा शत्रू ओल. पावसाळ्यात जन्मलेली करडं ओल्या जमिनीवर झोपली की न्यूमोनिया आणि रक्ती हगवण. तुम्हाला काही बांधायचंच असेल तर करडांसाठी जमिनीपासून फूट-दीड फूट उंच लाकडी फळ्यांचा छोटा माचा बांधा. पाच लाखांच्या शेडपेक्षा त्याने जास्त करडं वाचतील. आणि शक्य असेल तर जुलै-ऑगस्टात वेतं येणार नाहीत असं फळवणं ठेवा. पाच महिने मागे मोजलं की झालं, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये बोकड लांब.

लसींवर फार लिहीत नाही, ते वेळापत्रक दवाखान्यात मिळतं आणि तुमच्या भागातल्या साथींप्रमाणे डॉक्टर ते बदलतात. पण दोन लसी चुकवू नका. आंत्रविषाराची पावसाळ्यापूर्वी, कोवळं गवत खाऊन रात्रीतून धष्टपुष्ट करडं जातात ती यानेच. आणि पीपीआर या साथीच्या रोगाची, तिसऱ्या-चौथ्या महिन्यानंतर एकदा टोचली की सुमारे तीन वर्षं संरक्षण मिळतं. पीपीआर गोठ्यात शिरला तर निम्मा गोठा रिकामा होऊ शकतो. म्हणून बाजारातून आणलेला प्राणी तीन आठवडे वेगळा बांधा, कितीही निरोगी दिसला तरी.

जंतांचं थोडं जास्त सांगतो, कारण इथं पैसे दोन्हीकडून जातात. सगळ्या शेळ्यांना दर दोन-तीन महिन्यांनी अंदाजाने जंतनाशक पाजण्याची सवय पडली आहे. अंदाज कमी पडला की जंत मरत नाहीत, औषधाला सरावतात. आधी लेंड्या दवाखान्यात तपासून घ्या, पापणी उलटून बघा. लालबुंद असेल तर सोडा, फिकी पांढरट असेल तर तिला औषध द्या, वजन करून. आणि अल्बेंडाझोल हे जंतनाशक फळवलेल्या शेळीला पहिल्या महिना-सव्वा महिन्यात देऊ नका, गर्भाला धोका असतो. कुठली शेळी कधी फळली याची नोंद नसेल तर हे पाळणारच कसं? म्हणून वही.

तिसरा आकडा वजन, आणि त्याला जोडून विक्री. तुम्ही बोकड नगावर विकता असं दिसतं. व्यापारी रोज शंभर जनावरं हाताखालून घालतो, त्याचा अंदाज किलोभराने चुकतो. आपण वर्षाला तीस विकतो, आपला चार किलोने चुकतो. त्या अंदाजाच्या खेळात आपण कधीच जिंकत नाही. लटकता वजनकाटा दीड-दोन हजारांत येतो. विकायच्या आदल्या दिवशी सगळ्यांचं वजन करा, मग लोणंदच्या बाजाराला जा, काष्टीच्या जा, नाहीतर दारातच सौदा करा. भाव नगाचा झाला तरी मनात किलोचा हिशोब ठेवा.

काट्याचा दुसरा उपयोग त्याहून मोठा आहे. दर महिन्याला करडांची वजनं लिहिलीत की पुढं कधी विकायचं हे कळतं. सहा-सात महिन्यांनंतर वाढीचा वेग मंदावतो, खाणं मात्र वाढत जातं. महिन्याला दीड किलो वाढणाऱ्या बोकडाला सहाशे रुपयांचं खाऊ घालून पुढं ठेवण्यात अर्थ नाही, ईदसाठी ठेवलेला असेल तरच. बकरी ईदचं गणित मागून मांडावं लागतं. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते, बोकड वर्षाचा पूर्ण हवा. म्हणजे ईदच्या तारखेपासून तेरा महिने मागे जन्म आणि अठरा महिने मागे फळवणं. ज्याने गेल्या ईदची तारीख धरून फळवलं त्याचे बोकड काही दिवसांनी कोवळे राहतात.

चाऱ्याबद्दल एकच. तुमच्या भागात तूर, हरभरा, सोयाबीनचा भुस्सा मळणीच्या वेळी मिळतो आणि उन्हाळ्यात तोच महाग होतो. वर्षाचा भुस्सा मळणीच्या हंगामात भरून ठेवा. बांधावर शेवरी आणि हादगा लावा, सुबाभूळही चालतं, पण ते एकूण हिरव्याच्या तिसऱ्या हिश्शावर नेऊ नका, त्यातल्या मिमोसिनने केस गळतात, वाढ खुंटते.

आता प्रशिक्षण. ते कुणी घ्यायचं हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तुमच्या घरी शेळ्यांना सकाळी पाला कोण टाकतं, करडू रात्री जन्मलं तर उठतं कोण, कुठली शेळी सकाळपासून रवंथ करत नाही हे आधी कुणाला कळतं? बहुतेक घरांत ती आई असते नाहीतर बायको. आणि वर्गात येऊन बसतो तो मुलगा किंवा नवरा. वर्गात शिकवलेलं घरी गेल्यावर तो तोंडी सांगतो, निम्मं सांगतो, आणि जिचा रोज शेळीला हात लागतो तिला पहिल्या तासाच्या चिकाचं महत्त्व कुणी समजावलेलंच नसतं. मी वर्गात आता स्पष्ट सांगतो, जोडीने या. तीन दिवसांचं निवासी प्रशिक्षण घर सोडून करणं बायकांना जमत नाही, ही खरी अडचण आहे. त्यावर उपाय म्हणजे गावातच, दुपारच्या दोन तासांचे वर्ग. बचत गटांच्या उमेद अभियानात अनेक गावांत पशुसखी, म्हणजे जनावरांच्या सांभाळाचं शिकलेल्या गावातल्याच बायका, तयार झाल्या आहेत. तुमच्या गावात किंवा शेजारच्या गावात कुणी असेल तर तुमच्या घरातल्यांची तिच्याशी गाठ घालून द्या. माझ्या मते तुमचा पहिला वर्ग तोच.

चांगलं प्रशिक्षण ओळखायचं कसं? शिकवणारा शेळ्या, शेड, खाद्य किंवा बोकड विकत असेल तर सावध राहा. तो खोटंच सांगतो असं नाही, पण त्याचा सल्ला शेवटी खरेदीकडे जातो. त्यांच्या नफ्याच्या तक्त्यात मर किती धरली आहे ते विचारा. शून्य किंवा दोन-पाच टक्के धरली असेल तर तो तक्ता बाजूला ठेवा. वेतातलं अंतर किती धरलंय ते विचारा. मजुरी धरली आहे का ते विचारा. करडं पैदाशीसाठी महाग विकली जातील असं धरलंय की मांसाच्या भावाने? शेवटी सगळी करडं मांसाच्याच भावाने जातात, तेच धरून धंदा उभा राहिला पाहिजे. मग बघा, तुमच्या हाताने शेळीचं वजन, खुरं कापणं, पापणी तपासणं, दातांवरून वय ओळखणं करवून घेतात की फक्त पडद्यावर चित्रं दाखवतात. आणि सहा महिन्यांनी कुणी फोन उचलणार आहे का. एकदाच दोन दिवस ऐकण्यापेक्षा वर्षातून चार वेळा अर्धा दिवस, आणि दर वेळी आपली वही पुढं ठेवून, याने फरक पडतो.

तुमच्या जवळचे पर्याय सांगतो. पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाचं मुख्यालय पुण्यात आहे, पण त्यांची प्रक्षेत्रं, म्हणजे फार्म, राज्यभर आहेत. तुम्हाला सांगोला तालुक्यातलं महूद आणि तुळजापूर तालुक्यातलं तीर्थ जवळ पडेल. तिथं कळप डोळ्यांनी बघता येतो. कृषी विज्ञान केंद्र मोहोळला आहे, तुळजापूरचंही लांब नाही. शुल्क कमी असतं आणि नंतर शंका विचारायला जाता येतं, हा मोठा फायदा. पशुवैद्यक महाविद्यालयांतही वर्ग होतात; तुमच्या बाजूला शिरवळ आहे, ते नागपूरच्या पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली येतं. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचं शेळ्या-मेंढ्यांच्या पैदाशीवरचं काम जुनं आणि बघण्यासारखं आहे. मथुरेजवळ मखदूमला केंद्रीय शेळी संशोधन संस्था आहे, पण तुमच्या आजच्या गरजेला तेवढं लांब जायचं कारण नाही. सगळीकडे तारखा आणि शुल्क आधी फोन करून विचारा, ते बदलत असतात.

शंभर शेळ्यांच्या प्रकरणाबद्दल. राष्ट्रीय पशुधन अभियानात शंभर शेळ्या आणि पाच बोकडांपासून पाचशे शेळ्या आणि पंचवीस बोकडांपर्यंतचे गट आहेत, भांडवली खर्चाच्या ५० टक्के अनुदान, छोट्या गटाला १० लाख आणि मोठ्याला ५० लाखांपर्यंत. प्रशिक्षण किंवा अनुभव मागतात, म्हणून प्रमाणपत्रासाठी वर्ग भरतात. योजना वाईट नाही. पण उरलेली निम्मी रक्कम तुमची किंवा बँकेची असते. वीस शेळ्यांत शेळीमागे चारशे रुपये उरत असतील तर शंभरांत पगारी माणूस लागेल, चारा विकतचा लागेल, रोगाचा दाब वाढेल, आणि ते चारशेही जातील. शेळीमागे साडेबत्तीस किलो तुमच्या वीस शेळ्यांनी एक पूर्ण वर्ष दाखवले, वहीत लिहून दाखवले, की मग प्रकरण करा. त्या वेळी बँकेलाही तीच वही दाखवा.

वही साधी ठेवा. प्रत्येक शेळीच्या कानात बिल्ला, वहीत तिचं एक पान. फळल्याची तारीख, व्याल्याची तारीख, करडं किती, नर-मादी, जन्माचं वजन, तीन महिन्यांचं वजन, मेलं असेल तर कधी आणि कशाने, विकलं तर वजन आणि रक्कम. मागे ठेवलेल्या पाठींचं वजनही धरा, विकल्या नाहीत तरी ते उत्पादनच आहे. शेवटच्या पानांवर खरेदीचा खर्च, त्याच दिवशी लिहिलेला. सहा-आठ महिन्यांत तुम्हाला दिसेल की वीसपैकी चार-पाच शेळ्या सगळा गोठा ओढताहेत आणि तीन-चार नुसत्या खाताहेत. त्या तीन-चार विका, आणि पुढच्या पाठी त्या चांगल्या चार-पाचांच्याच ठेवा.

राहिला तो साडेतीन हजारांचा वर्ग. आत्ता जाऊ नका. त्या पैशांत काटा, बिल्ले आणि वही आणा, बोकडाचं बघा, आणि पावसाळ्यापूर्वीची लस टोचून घ्या. सहा महिन्यांच्या नोंदी झाल्या की मोहोळ किंवा तीर्थला घरातल्या शेळ्या सांभाळणाऱ्या माणसाला बरोबर घेऊन जा आणि वही तिथल्या तज्ज्ञांपुढं उघडा. मर जास्त निघाली तर करडांच्या संगोपनाचा वर्ग मागा, अंतर जास्त निघालं तर आहार आणि पैदाशीचा. तेव्हा मलाही आकडे कळवलेत तर मी बघून सांगेन.